फ्लॉरेन्स एका दिवसात: अकरा ठिकाणांची यादी आणि एक दुखरा गुडघा

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याचं जोडपं, पन्नाशी ओलांडलेलं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रोममध्ये पाच दिवस मुक्काम, त्यातला सोमवार फ्लॉरेन्ससाठी राखलेला. सकाळी जायचं, रात्री परत यायचं. ताई चित्रकलेच्या शिक्षिका, त्यामुळे चित्रं आणि शिल्पं बघायची आहेत. ह्यांचा उजवा गुडघा दुखतो, ते पक्के शाकाहारी आहेत, आणि त्यांची मागणी एकच, ‘एक चांगला सूर्यास्त’. सोबत अकरा ठिकाणांची यादी जोडली आहे आणि खाली विचारलंय, ‘एवढं होईल ना?’

ताई, आधी सोमवार बदला. बाकीचं सगळं नंतर. सोमवारी उफिझी हे चित्रांचं संग्रहालय बंद असतं आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड जिथे आहे ती अकादेमियाही बंद असते. दारावरची पाटी वाचून परत फिरलेली मराठी कुटुंबं मी इतकी पाहिली आहेत की आता प्रवासाचा कागद हातात आला की मी पहिल्यांदा वार बघते. मंगळवारीही जाऊ नका, सोमवारी हुकलेले सगळे त्या दिवशी रांगेत असतात. बुधवार किंवा गुरुवार घ्या. फक्त 25 एप्रिल टाळा. तो इटलीचा मुक्तिदिन. सार्वजनिक सुट्टी असते आणि अख्खी इटली घराबाहेर पडलेली असते.

आता तुमची यादी. मी गेली वीसेक वर्षं युरोपच्या टूर नेते आहे, पण पहिल्यांदा आमच्या ह्यांच्याबरोबर, गळ्यात टूरचा बिल्ला न लटकवता, फ्लॉरेन्सला गेले ती 2011 साली. माझीही यादी अकराचीच होती. मला शहर माहीत होतं, मला वाटलं मी दाखवीन आणि हे बघतील. दुपारी तीन वाजता पोन्ते व्हेक्कियो या जुन्या पुलावर, भर गर्दीत, आमचं असं वाजलं की पुढचे दोन तास आम्ही एकमेकांशी बोललो नाही. कारण काय होतं? ‘आता अजून एक चर्च?’ एवढं एक वाक्य. तेव्हापासून जोडप्यांचा दिवस आखताना मी ठिकाणं मोजत नाही, दुपारचे तीन वाजता दोघं कुठे असतील हे आधी ठरवते. तीन वाजता तुम्ही बसलेलं असायला हवं, सावलीत. तो तास मध्ये धरायचा आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे दिवस लावत जायचा. घड्याळ लावून बांधायच्या गोष्टी तीन: सकाळी डेव्हिड, मग घुमट, आणि चार वाजता उफिझी. तिन्हींची तिकिटं घरी बसून, आजच, त्या त्या संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरून काढा. नावात साधर्म्य असलेली डझनभर संकेतस्थळं तेच तिकीट चढ्या भावाने विकतात. दिसायला ती खऱ्याहून खरी वाटतात.

गाडी रोमा तेर्मिनीहून. जलद गाडीला साधारण दीड तास लागतो. साध्या प्रादेशिक गाडीने पैसे वाचतात, पण साडेतीन तासांच्या वर जातात, म्हणजे तुमच्या दिवसाचा कणाच मोडतो. बुक करताना इटालियन नाव ‘फिरेन्झे’ दिसेल आणि त्याच्यापुढे तीन-चार पर्याय. ‘सांता मारिया नोव्हेल्ला’ असेल तेच घ्या, लघुरूपात एसएमएन. ‘काम्पो दि मार्ते’ आणि ‘रिफ्रेदी’ ही त्याच शहरातली दुसरी स्टेशनं, तिथे उतरलात तर दिवसाची सुरुवातच टॅक्सी शोधण्यात होईल. सातच्या सुमाराची गाडी पकडली की साडेआठ-पावणेनऊला तुम्ही शहराच्या मध्याशी. इथलं बरंचसं पायी होतं, पण पायाखाली जुन्या दगडी फरश्या आहेत, उंचसखल. नवे बूट पुण्यात महिनाभर वापरून मगच आणा.

स्टेशनातून बाहेर आल्यावर कॉफी उभ्याने प्या. काउंटरशी उभं राहून घेतलेली एस्प्रेसो आणि टेबलावर बसून मागवलेली तीच एस्प्रेसो यांच्या दरात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, विशेषतः मोठ्या चौकांत. आपल्याकडे टपरीवर कटिंग घेतात तसंच ते समजा. तिथले लोकही दोन घोटांत संपवून निघतात.

अकादेमियाचं तिकीट साडेनऊचं घ्या. आत शिरलं की सगळे डेव्हिडकडे धावतात. तुम्ही धावू नका. त्याच्याकडे जाणाऱ्या लांब दालनात दोन्ही बाजूंना मायकेलअँजेलोचे ‘कैदी’ उभे आहेत. पोप दुसरा ज्यूलिअस याच्या समाधीसाठी सुरू केलेली आणि अर्धवट राहिलेली ही चार शिल्पं. दगडातून एक खांदा बाहेर आलाय, डोकं अजून आतच आहे. चित्रकलेच्या शिक्षिकेला मी इथे अर्धा तास द्यायला सांगेन, कारण छिन्नीचे माग इथे उघडे दिसतात: कुठे टोकदार छिन्नीने मोठे टवके काढलेत, कुठे दातेरी छिन्नीने फणीसारख्या रेघा ओढत वळण आणलंय. डेव्हिडच्या गुळगुळीत अंगावर यातलं काही उरलेलं नाही. आधी कैदी आणि मग डेव्हिड बघितला की त्या गुळगुळीतपणामागे किती हात चाललाय ते कळतं.

डेव्हिडचा दगड आधीच ‘बिघडलेला’ होता. कारारातून आणलेल्या त्या संगमरवरावर आधी दुसऱ्या शिल्पकारांनी हात चालवून सोडून दिला होता, आणि तो कॅथीड्रलच्या आवारात पडून होता. 1501 मध्ये तो सव्वीस वर्षांच्या मायकेलअँजेलोकडे आला आणि 1504 मध्ये त्यातून 5.17 मीटर उंचीचा पोरगा उभा राहिला. मुळात तो कॅथीड्रलच्या वर, उंचावर बसवायचा होता. तयार झाल्यावर तो कुठे ठेवायचा हे ठरवायला समिती नेमली, तिच्यात लिओनार्दो आणि बोत्तिचेल्ली दोघंही होते. अशी समिती आता कुठे मिळायची? शेवटी तो पियाझ्झा देल्ला सिन्योरिया या चौकातल्या राजवाड्याच्या दाराशी उभा राहिला आणि 1873 पर्यंत ऊन-पाऊस खात तिथेच होता. आज चौकात दिसतो ती प्रतिकृती, 1910 सालची. उजवा हात प्रमाणाबाहेर मोठा वाटतो, तो तसाच आहे. त्याच्या मागे जा. सगळे समोरून फोटो काढत असतात, मागे बसायला जागा असते आणि पाठीची, पोटऱ्यांची शिल्पकला समोरच्यापेक्षा निवांत बघता येते. ह्यांचा गुडघा इथे पहिल्यांदा विसावेल.

बाहेर पडल्यावर सरळ दुओमोकडे, म्हणजे कॅथीड्रलकडे, वळू नका. दोन मिनिटांवर सांतिस्सिमा आनुन्झियाताचा चौक आहे, तिथून जा. तुमच्या यादीत तो नाही, पण माझ्या मते शहरातला सर्वांत देखणा चौक तो. एका बाजूला अनाथालयाची कमानींची ओळ आहे. ब्रुनेलेस्कीने 1419 मध्ये तिचं काम हाती घेतलं. कमानींच्या मधल्या निळ्या वर्तुळांत आंद्रेआ देल्ला रोब्बियाची दुपट्यातली बाळं आहेत. पायऱ्यांवर पाच मिनिटं बसा आणि मग व्हिया देई सेर्वीने चालू लागा. त्या सरळ रस्त्याच्या टोकाला घुमट दिसायला लागतो आणि पावलागणिक मोठा होत जातो. एकाच माणसाचं काम, आधी माणसाच्या मापाचं आणि लगेच डोंगराच्या मापाचं.

त्या घुमटाबद्दल इतकंच सांगते. कॅथीड्रल 1296 मध्ये सुरू झालं आणि शंभर वर्षांनंतरही वर सुमारे 45 मीटर रुंदीचं भोक उघडंच होतं, कारण एवढ्या रुंदीला खालून आधार देणारा लाकडी सांगाडा उभारायचा कसा हे कुणालाच माहीत नव्हतं. ब्रुनेलेस्की हा मुळात सोनार, त्याने सांगाड्याशिवायच बांधून दाखवतो म्हटलं. एकात एक असे दोन घुमट, आणि विटा आडव्या रांगेत न लावता मध्ये मध्ये उभ्या वीट घालून माशाच्या काट्यासारख्या गुंफलेल्या, म्हणजे चुना वाळेपर्यंत वरची वीट घसरत नाही. 1420 ते 1436, सोळा वर्षांत घुमट मिटला. वर जाणारा जिना या दोन घुमटांच्या मधल्या फटीतूनच जातो, आणि त्या विटा तुमच्या खांद्याला घासतात.

जिन्याला 463 पायऱ्या आहेत. लिफ्ट नाही, मध्ये परत फिरायची सोय नाही, वाट अरुंद. म्हणून ह्यांनी चढायचं नाही. इथेच तुम्ही दोघं एक तास वेगळे व्हा. जोडप्यांना मी हे सांगते तेव्हा आधी चेहरे पडतात. ‘आम्ही एकत्र फिरायला आलोय,’ म्हणतात. पण एकाने वर चढून दुसऱ्याच्या गुडघ्याची काळजी करत राहायचं आणि दुसऱ्याने खाली ताटकळत घड्याळ बघायचं, यात कुणाचंच फिरणं होत नाही. तुम्ही ब्रुनेलेस्की पास घ्या, त्यात घुमट येतो आणि वेळ ठरवून मिळते. साडेअकराची घ्या. ह्यांच्यासाठी मात्र स्वस्तातला गिबेर्ती पास घ्या. त्यात घुमट आणि मनोरा नाही, पण बाप्तिस्मागृह आणि दुओमोचं संग्रहालय आहे. दोघांना सारखेच पास घेऊन एकाचे पैसे फुकट घालवणारे रोज दिसतात.

हे संग्रहालय कॅथीड्रलच्या मागच्या अंगाला आहे. ते शांत आहे, त्यात लिफ्ट आहे, बसायला जागा आहे, आणि शहरातल्या निम्म्या पर्यटकांना त्याचा पत्ता नसतो. चौकात बाप्तिस्मागृहाच्या सोनेरी दरवाजापुढे फोटोसाठी झुंबड असते, तो दरवाजा म्हणजे प्रतिकृती. गिबेर्तीने 1425 ते 1452 अशी सत्तावीस वर्षं घालवून केलेला मूळ दरवाजा या संग्रहालयात काचेआड आहे. 4 नोव्हेंबर 1966 च्या पुरात आर्नो नदीचं पाणी चौकात घुसलं तेव्हा त्यातल्या दहापैकी पाच पाट्या निखळून पडल्या होत्या. दोनातेल्लोची लाकडातली मेरी मॅग्डालीन इथेच आहे, उपासाने सुकलेली, केसांनी अंग झाकलेली. आणि मायकेलअँजेलोने म्हातारपणी, स्वतःच्या थडग्यासाठी म्हणून करायला घेतलेली पिएता, म्हणजे मृत ख्रिस्ताला सावरणाऱ्यांचं शिल्प. तीवर तो स्वतःच एक दिवस हातोडा घेऊन तुटून पडला होता. मागे उभा असलेला टोपडंवाला म्हातारा म्हणजे त्याचंच तोंड, असं मानतात. ह्यांना चित्रांची फारशी आवड नाही असं तुम्ही लिहिलंय. या एका मूर्तीसमोर वीस मिनिटं बसलेले, चित्रांची आवड नसलेले बरेच नवरे मी पाहिले आहेत.

वर जाताना मोठी सॅक नेऊ देत नाहीत, सामान ठेवायची सोय चौकातच आहे. घुमटाच्या आतल्या कठड्यावरून वासारी आणि झुक्कारी यांचं ‘अंतिम न्यायाचं’ चित्र हाताच्या अंतरावर येतं. खालून नाजूक वाटणारे चेहरे जवळून किती भरड फटकाऱ्यांनी रंगवलेत, ते वर्गातल्या मुलांना सांगण्यासारखं आहे. कॅथीड्रलच्या आतल्या फुकट प्रवेशाची रांग मात्र सोडून द्या. आत बरंचसं मोकळं मोकळं आहे, उत्तमोत्तम वस्तू संग्रहालयात नेलेल्या आहेत. एखाद्या चर्चमध्ये शिरायचं झालंच तर खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. ओढणी पर्समध्ये असली की काम भागतं.

एक वाजता जेवायला बसा. उशीर करू नका, बहुतेक स्वयंपाकघरं अडीचच्या आसपास बंद होतात आणि मग संध्याकाळपर्यंत चूल पेटत नाही. दुओमोच्या चौकात जेवू नका, दोन गल्ल्या आत जा. शाकाहारी माणसाची इथे आबाळ होत नाही, उलट तोस्कानाचं, म्हणजे फ्लॉरेन्सच्या प्रांताचं, गरिबाघरचं जेवणच मुळी भाजी, कडधान्य आणि शिळा पाव यांचं. रिबोल्लीता म्हणजे काळपट कोबी, पांढऱ्या घेवड्याचे दाणे आणि शिळा पाव घालून पुन्हा उकळलेलं दाट सूप. पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे टोमॅटो आणि पाव, आपल्या फोडणीच्या पोळीचा लांबचा भाऊ, फक्त फोडणी नाही. मात्र ‘मांस नाही ना’ एवढंच विचारून भागत नाही. सूप कशाच्या पाण्यात शिजवलंय ते विचारायचं: ‘ब्रोदो दि कार्ने?’ पक्के शाकाहारी असाल तर हेही माहीत असू द्या की पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने, विरजतात. चालत नसेल तर ‘सेन्झा फोर्माज्जो’ म्हणा. गाड्यावर ‘लाम्प्रेदोत्तो’ लिहिलेलं दिसलं तर ह्यांना पुढे काढा, ते गाईच्या चौथ्या पोटाचं सँडविच. पाव अळणी लागेल. त्यात काही चुकलेलं नाही, तोस्कानाचा पाव बिनमिठाचाच असतो. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी थोडे पैसे लावलेले असतील, तो टेबलाचा आकार, वाद घालू नका.

आता तो तीनचा तास. पियाझ्झा देल्ला सिन्योरियाच्या कोपऱ्यात लोज्जा देई लान्झी नावाचा तीन कमानींचा मंडप आहे. सावली आहे, दगडी ओटे आहेत, प्रवेश फुकट. चेल्लिनीचा मेदुसाचं मुंडकं धरलेला ब्राँझचा पेर्सेउस आणि जांबोलोन्याचा एकमेकांत पिळलेला तीन देहांचा दगड, दोन्ही तुमच्या डोक्यावर. जगात दुसरीकडे अशा वस्तू बघायला तिकीट लागलं असतं. इथे बसा. तुम्ही वही काढा, ह्यांना काहीही न करू द्या. एवढंच, की इथे डबा उघडू नका, राखणदार उठवतात. चौकाच्या फरशीत एक गोल दगडी पाटी आहे, 23 मे 1498 ला साव्होनारोला या धर्मोपदेशक साधूला जाळलं ती जागा. ज्याच्या सांगण्यावरून गावाने आरसे, दागिने, चित्रं यांची होळी केली, त्यालाच पुढच्या वर्षी गावाने त्याच चौकात फासावर देऊन जाळलं. लोक पाटीवर पाय देऊन आईस्क्रीम खात जातात. आईस्क्रीमचं निघालंच आहे तर, पिस्त्याचं जेलातो भडक हिरवं आणि डोंगरासारखं रचलेलं असेल तर पुढच्या दुकानात जा. खरा पिस्ता मळकट हिरवा असतो.

चार वाजता उफिझी. सगळे सकाळी आठ-सव्वाआठला दार उघडायच्या आधी रांग लावतात. मी जोडप्यांना चारला पाठवते, कारण तोवर मोठे गट बसमध्ये बसून निघालेले असतात. साडेसहाला बंद होतं आणि त्याच्या थोडं आधी खोल्या रिकाम्या करायला लागतात, तेव्हा हातात दोन तास धरा. वरच्या मजल्यापासून सुरुवात असते आणि जिना लांबलचक आहे. आत शिरताच लिफ्ट विचारा, गुडघा दाखवायला लाजू नका. सगळ्या खोल्या बघू नका. पिएरो देल्ला फ्रांचेस्काचे समोरासमोरचे नवराबायको, व्हेर्रोक्कियोच्या ‘बाप्तिस्मा’मध्ये पोरसवदा लिओनार्दोने रंगवलेला डाव्या कडेचा देवदूत, बोत्तिचेल्लीची दोन मोठी चित्रं, मायकेलअँजेलोचं गोल ‘तोंदो दोनी’, आणि खालच्या मजल्यावर काराव्हाज्जोची ढालीवरची मेदुसा आणि आर्तेमिसियाची ज्युडिथ. एवढ्यावर थांबा. मधल्या खोल्यांतून सरळ चालत जायचं, वाईट वाटून घ्यायचं नाही.

बोत्तिचेल्लीच्या ‘प्रिमावेरा’समोर उभ्या राहाल तेव्हा एक गोष्ट आठवा. मी प्रत्येक मराठी गटाला ती सांगते. दुसऱ्या महायुद्धात उफिझीची चित्रं खेडोपाडीच्या गढ्यांमध्ये हलवली होती, आणि ‘प्रिमावेरा’ मोन्तेगुफोनी नावाच्या गढीत भिंतीला टेकून ठेवलेलं होतं. 1944 च्या उन्हाळ्यात जर्मन मागे हटले आणि तिथे आठव्या भारतीय डिव्हिजनचे सैनिक पोचले. त्यांच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. सातारा-कोल्हापूरकडची पोरं, खांद्यावर बंदूक आणि समोर बोत्तिचेल्ली. हे सांगितलं की खोलीत आमचा गट जरा ताठ उभा राहतो.

आणि हा सगळा संग्रह शहरात राहिला तो एका बाईमुळे. फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याची शेवटची वारस आना मारिया लुइझा. 1737 मध्ये सत्ता दुसऱ्या घराण्याकडे जाताना तिने करारात लिहून घेतलं की यातली एकही वस्तू फ्लॉरेन्सबाहेर जायची नाही.

साडेसहाला बाहेर आलात की पोन्ते व्हेक्कियो पाच मिनिटांवर. हा पूल 1345 चा. आधी यावर खाटकांची दुकानं होती, 1593 मध्ये फर्दिनांदो पहिला याने वासाला कंटाळून त्यांना हटवलं आणि सोनारांना बसवलं. 1944 मध्ये माघार घेताना जर्मनांनी आर्नोवरचे बाकीचे पूल उडवले, हा तेवढा राहिला. सोनं घ्यायचा मोह झाला तर एवढं ध्यानात ठेवा: इथला माल बहुधा 18 कॅरटचा, 750 चा छाप असलेला. 22 कॅरटच्या हिशेबाने भाव लावायला गेलात तर दुकानदार आणि तुम्ही दोघंही वैतागाल. घडणावळ सुंदर असते, ती आवडली तर घ्या, गुंतवणूक म्हणून नको. चामड्याचं म्हणाल तर सान लोरेन्झोच्या ठेल्यांपेक्षा सांता क्रोचेच्या मागची चर्मकलेची शाळा बघा. युद्धात अनाथ झालेल्या मुलांना हातात कला असावी म्हणून फ्रान्सिस्कन मठाने ती सुरू केली, आजही कारागीर डोळ्यांसमोर काम करताना दिसतात. मात्र त्या दिवशी वेळ उरणार नाही, हे मी आत्ताच सांगते.

ह्यांचा सूर्यास्त पियाझ्झाले मिकेलांजेलोवरून. फ्लॉरेन्स काही वर्षं इटलीची राजधानी होतं, त्या काळात, 1869 मध्ये, पोज्जी नावाच्या वास्तुविशारदाने ही गच्ची टेकडीवर आखली. एप्रिलअखेर सूर्य आठच्या थोडा पुढे मावळतो, म्हणजे सव्वासातला वर पोचा. चढायला टॅक्सी घ्या, आणि टॅक्सी रस्त्यात हात करून थांबत नाही, ठरलेल्या थांब्यावरून किंवा फोन करून घ्यावी लागते. 12 नंबरची बसही वर जाते. उतरताना चालत यायचा मोह होतो, वाट गुलाबाच्या बागेजवळून जाते आणि फार सुरेख आहे. पण दुखऱ्या गुडघ्याला चढापेक्षा उतार जास्त छळतो. हे मला आमच्या ह्यांनी शिकवलं, दुसऱ्या दिवशी अंथरुणातून न उठून. बसनेच खाली या, आणि सूर्य बुडाल्यावर लगेच नाही, कारण तेव्हा सगळी टेकडी एकाच बसमध्ये चढते. अर्धा तास थांबा. नाहीतरी खरा रंग सूर्य गेल्यानंतर येतो, घुमटाच्या विटा तेव्हा आतून पेटल्यासारख्या दिसतात.

मग रात्रीची गाडी. नऊनंतर रोमकडे जाणाऱ्या जलद गाड्या मोजक्याच असतात, तेव्हा शेवटच्या गाडीचं तिकीट काढू नका, तिच्या आधीचं काढा. मला विचाराल तर रोममधली एक रात्र कमी करून इथे राहा. तसं केलंत तर दुसऱ्या दिवशी सकाळी एक जागा बघून या, जी तुमच्या यादीत नाही, पण महाराष्ट्रातून आलेल्या माणसाच्या यादीत असायला हवी.

शहराच्या पश्चिमेला आर्नोच्या काठाने काशिने नावाचं लांबच लांब उद्यान आहे. त्याच्या पार शेवटच्या टोकाला, जिथे मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते, तिथे एक छत्री आहे आणि छत्रीखाली फेटा बांधलेल्या एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा. ते आहेत कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे. 1870 मध्ये ते इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले, रोजनिशी लिहीत राहिले, आणि परतीच्या वाटेवर 30 नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. तेव्हाच्या इटलीत प्रेत जाळणं ही ऐकिवातलीही गोष्ट नव्हती. सोबतच्या मंडळींनी परवानगी मिळवली आणि नदीच्या संगमावर अंत्यसंस्कार केले. पंचगंगेच्या माणसाला संगम शोधावासा वाटला, यात नवल काही नाही. बघायला गावकऱ्यांची गर्दी लोटली होती. 1874 मध्ये तिथे हे स्मारक झालं. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला. अर्धपुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा. महाराजांची ती रोजनिशी 1872 मध्ये लंडनला छापून निघाली. आणि शेजारून जाणारा केबलवर टांगलेला मोठा पूल 1978 चा, त्याचं नावच ‘पोन्ते आल्लिंदियानो’, भारतीयाचा पूल. रोज त्यावरून कामाला जाणाऱ्या फ्लॉरेन्सकरांना ‘इंदियानो’ शब्द तोंडपाठ आहे, तो इंदियानो कोण हे विचारलंत तर फार थोडे सांगू शकतील.

मी एकदा कोल्हापूरच्या एका जोडप्याला तिथे नेलं होतं. काकांनी बूट काढले, हात जोडले, मग चाचपडत खिशातून रुमाल काढून चौथऱ्याची एक कड पुसली. काकू म्हणाल्या, ‘अहो, फुलं तरी आणायची.’ जवळपास फुलांचं दुकान नाही. म्हणून तुम्हाला सांगते, हार नको, पण सान्त’अम्ब्रोज्योच्या बाजारातून चार फुलं आदल्या दिवशी घेऊन ठेवा.

जायचं कसं? टी-1 ट्रामने काशिनेच्या थांब्यावर उतरलात तर पुढे अडीच-तीन किलोमीटर उद्यानातून चालावं लागतं. रस्ता अगदी सपाट आहे, झाडांच्या सावलीचा, पण येऊन-जाऊन तो ह्यांच्या गुडघ्याला झेपणार नाही. टॅक्सीला ‘मोनुमेन्तो आल्लिंदियानो, काशिने’ एवढं सांगा. आणि तिला सोडू नका, थांबवून ठेवा. तिथे परतीची टॅक्सी मिळत नाही.